‘माहिती तात्काळ सादर करा’: जिल्हा परिषदेच्या शाळा आणि आकड्यांचा कारभार, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

31 वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. लग्नात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही ‘या बाई शिक्षिका होत्या’ एवढं कळलं की लोक तेच ते प्रश्न विचारतात. काही खरंच प्रश्न असतात, काही टोमणे. दोन्हींची उत्तरं एकदाच लिहून ठेवते. नोकरीत असताना हे लिहिलं असतं तर वर्तणूक नियमांचा कागद हातात पडला असता.

शाळेला कसलं आलंय टार्गेट? तुम्ही काय विमा विकता?

विमा विकणाऱ्याचं बरं, त्याला एकच टार्गेट असतं. आमच्याकडे पटनोंदणीचं असतं, हजेरीचं असतं, मुलांच्या आधार पडताळणीचं असतं, ‘अपार’ या विद्यार्थी ओळख क्रमांकाचं असतं, शिष्यवृत्तीला बसवायच्या मुलांचं असतं, पावसाळा लागला की झाडांचं असतं. आणि या सगळ्यांत कुठेतरी मुलांना वाचता-लिहिता येण्याचंही असतं.

कारभार कसा चालतो ते सांगते. मुंबईत घोषणा होते. पुण्याहून पत्र निघतं. जिल्ह्याला सीईओंच्या (जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या) आढावा बैठकीत त्याचा तक्ता होतो, गटशिक्षणाधिकारी तो तालुक्यावर वाटतात, केंद्रप्रमुख आपल्या केंद्रातल्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटातल्या, शाळांवर. शेवटी सकाळी साडेदहाला आमच्या व्हॉट्सॲप गटावर येतं: ‘सोबतची लिंक आज दुपारी 3 पर्यंत भरावी. निरंक असल्यास निरंक कळवावे.’ तीन वाजून पाच मिनिटांनी ‘माहिती अप्राप्त’ शाळांची यादी पडते, लाल रंगात. त्या यादीत आपलं नाव नको, एवढ्यासाठी माणूस काहीही करतो. आमच्या एका वाडीच्या शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी यायची. मी टाकीच्या शिडीवर उभी राहून लिंक भरली आहे. खाली दुसरीची पोरं ओरडत होती, ‘बाई, पडाल!’

पण मोजलंच नाही तर शाळा सुधारणार कशा?

हा खरा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

मोजायला माझा विरोध नाही. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल 2005 पासून निघतोय. त्यांचे कार्यकर्ते गावात येतात, काही घरं निवडतात, मुलांना घरीच बसवून दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. 2024 च्या अहवालात देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या 23.4 टक्के मुलांना तो वाचता आला. 2022 मध्ये हेच प्रमाण 16.3 टक्के होतं. आकडा लाजिरवाणा आहे, आणि तरी मला तो विश्वासाचा वाटतो. कारण त्या पोराला वाचता आलं नाही म्हणून कुणाचीही वेतनवाढ थांबत नाही, कुणाला नोटीस निघत नाही, आणि विचारणारा माणूस त्या मुलाचा शिक्षक नसतो.

आता आमच्या चाचण्या बघा. वर्षातून तीन: पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. शिकवणारी मी, पेपर घेणारी मी, तपासणारी मी, गुण मोबाइलवरच्या चॅटबॉटवर भरणारीही मीच. आणि त्या गुणांवरून बैठकीत उभं केलं जाणार तेही मलाच. ताप मोजायचा, पण ताप निघाला तर थर्मामीटर धरणाऱ्याला दंड, असा नियम केला तर गावात कुणालाच ताप येणार नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी दहावीचे निकाल बघावेत. 2018 चा राज्याचा निकाल 89.41 टक्के. 2019 ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे 20 गुण काढून टाकले, निकाल आला 77.10. आरडाओरडा झाला, गुण परत दिले, 2020 चा निकाल 95.30. अभ्यासक्रमही त्या मधल्या वर्षी नवा होता, हे मान्य. पण त्यापुढच्या एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं 18 टक्क्यांनी हुशार झाली, असं कुणी म्हणणार असेल तर माझा त्यांना नमस्कार.

खोटे आकडे हा शिक्षकांचाच दोष नाही का?

आहे. पण एकट्या शिक्षकांचा नाही.

ऑक्टोबर 2011 ची पटपडताळणी आठवते? 3 ते 5 ऑक्टोबर, तीन दिवस, राज्यभर एकाच वेळी. दुसऱ्या खात्यांची माणसं शाळेत आली, एकेका मुलाला मोजलं, त्याच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. का, तर तेच मूल दुपारी शेजारच्या शाळेच्या पटावर दिसू नये. नांदेडमध्ये आधी तपासणी झाली होती आणि तिथली थक्क करणारी पोकळी बघून सगळ्या राज्यात करावी लागली. लाखो मुलं कागदावर होती, वर्गात नव्हती.

ती मुलं कागदावर आली कुठून? पटावर शिक्षकांची पदं, पटावर अनुदान, पटावर तांदूळ. संस्थाचालकांना तुकड्या हव्या होत्या, शिक्षकांना ‘अतिरिक्त’, म्हणजे पदांपेक्षा जास्तीचं, ठरायचं नव्हतं, आणि वरच्यांना ‘शंभर टक्के पटनोंदणी’ विधानसभेत सांगायची होती. सगळ्यांनाच तो आकडा हवा होता. वर्षानुवर्षं तो फुगत गेला तेव्हा तालुक्याच्या कचेरीतल्या कुणाच्याही भुवया उंचावल्या नाहीत.

तुम्ही स्वतः कधी खोटं भरलंत?

भरलं.

मुलांचे वाचनस्तर लिहून पाठवायचे असतात: प्रारंभिक, अक्षर, शब्द, वाक्य, उतारा. आमच्यातला जुना उपाय असा की जूनमध्ये मुलं एक पायरी खाली दाखवायची आणि मार्चमध्ये एक पायरी वर. मधला फरक म्हणजे ‘प्रगती’. हे मला कुणी शिकवलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. एका मार्चमध्ये ‘शब्द’ स्तरावर अडकलेल्या दोन पोरांना मी ‘वाक्य’ रकान्यात टाकलं. केंद्रप्रमुख म्हणाले होते, ‘बाई, तुमची एकटीची शाळा केंद्राचा आकडा खाली खेचतेय.’ माणूस वाईट नव्हता. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलं होतं.

परिणाम काय झाला ते नीट ऐका. पुढच्या वर्षी ती दोन पोरं जादा मदतीच्या यादीत आलीच नाहीत. कागदावर त्यांना वाचता येत होतं ना.

‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’मध्ये तर चांगलं काम झालं होतं, असं ऐकलंय.

झालं होतं. म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शिक्षकांनी आणि त्यांच्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी ज्ञानरचनावाद वर्गात उतरवून दाखवला. मुलं जमिनीवर बसून मणी, काड्या, चिठ्ठ्या, खडे घेऊन स्वतः शोधत शिकत होती, आपसांत बोलत होती. आम्हीही बघायला गेलो होतो, राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिथे जायच्या. मी तिथे पहिलीच्या एका मुलीला तिच्या मैत्रिणीला दशक समजावून सांगताना पाहिलं आणि परतीच्या गाडीत गप्प बसून होते.

त्यानंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा 22 जून 2015 चा शासन निर्णय आला. राज्यातली प्रत्येक शाळा प्रगत करायची ठरली. मग प्रगत शाळेचे निकष, मग प्रगत शाळांची टक्केवारी, मग ‘आमचा तालुका शंभर टक्के प्रगत’ असे फलक. कुमठ्याला जे काही वर्षांत, माणसांनी माणसांशी बोलून झालं, ते आमच्याकडे फरशीवर रंगवलं गेलं. अक्षरशः. पेंटर बोलावून वर्गाच्या फरशीवर अंकचौकटी, बाराखडीचे गोल आणि सापशिडी रंगवून घेतली, लोकवर्गणीतून. साहेब आले की फोटो त्या फरशीचा. ऑइलपेंटवर पोरं पावसाळ्यात घसरून पडायची म्हणून आम्ही त्यावर सतरंजी अंथरायचो. तपासणी असली की सतरंजी काढायची.

आणि ‘निपुण’?

केंद्राने 5 जुलै 2021 ला ‘निपुण भारत’ सुरू केलं. 2026-27 पर्यंत तिसरी संपणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी, हे उद्दिष्ट. याच्याशी कुणाचं भांडण असेल असं वाटत नाही. तिसरीपर्यंत वाचायला न आलेलं मूल पुढे फक्त बसून राहतं, हे मी 31 वर्षं पाहिलंय.

माझं भांडण ‘मिनिटाला 60 शब्द’ या मापाशी आहे. हे तिसरीचं लक्ष्य. आता हिंदीत म्हणा: ‘घर के सामने वाले पेड़ पर’. सहा शब्द झाले. मराठीत म्हणा: ‘घरासमोरच्या झाडावर’. दोन. आपली भाषा विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटवते. त्यामुळे मराठी मुलाने एका मिनिटात 60 शब्द वाचणं आणि हिंदी मुलाने 60 वाचणं हे एकच काम नाही. 2022 च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात एनसीईआरटीने भाषेगणिक वेगळे मापदंड काढले, म्हणजे वरच्यांना हे कळतं. पण केंद्रशाळेच्या भिंतीवर 60 च लिहिलेलं होतं आणि आढाव्याला 60 च विचारायचे.

मग मोबाइलवर मिनिट लावून वाचन सुरू झालं. ज्या पोराला ‘घरासमोरच्या’ फोडून, अडखळत, पण समजून वाचता यायचं, ते मागे पडलं. घडाघडा वाचणारं पुढे गेलं. घडाघडा वाचून झाल्यावर ‘झाडावर कोण होतं रे?’ विचारलं तर ते माझ्याकडे बघत राही.

मार्च 2025 मध्ये राज्याने दुसरी ते पाचवीसाठी ‘निपुण महाराष्ट्र’ कृती कार्यक्रम काढला, त्यात चावडी वाचन होतं. गावासमोर, मारुतीच्या पारावर मुलांनी वाचून दाखवायचं. कल्पना मला आवडली होती, आयाबाया आल्या, म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमची तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली. वारा सुटला होता, वाचताना पुस्तकाचं पान उलटलं. ती थांबली नाही. पुढची आठ वाक्यं तिने चुकीच्या पानाकडे बघत बिनचूक म्हटली. पारावरच्या लोकांच्या ते लक्षात आलं नसावं. माझ्या आलं, कारण तो धडा आठवडाभर तिच्याकडून पाठ मीच करून घेतला होता.

ऊसतोडीच्या मुलांचं काय करतात? ती तर सहा महिने नसतात.

दिवाळीनंतर गाड्या भरतात, गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. जाताना ‘शिक्षण हमी कार्ड’ द्यायचं, म्हणजे जिथे फड पडेल तिथल्या शाळेत मूल बसू शकेल. कार्डं आम्ही भरत होतो, किती दिली त्याचा आकडाही वर जात होता. किती मुलं त्या कार्डावर प्रत्यक्ष शाळेत बसली हा रकाना मात्र आमच्या तक्त्यात कधी आला नाही. काहींना आम्ही आजीपाशी ठेवून घेतलं, काहींसाठी हंगामी वसतिगृह चाललं. बाकीची फडावर धाकट्या भावंडांना सांभाळत बसली. त्या हंगामात संकलित चाचणी आली की हजेरीची टक्केवारी कशी शंभर ठेवायची, हा आमचा सगळ्यांत मोठा शैक्षणिक प्रश्न असायचा.

अशैक्षणिक कामं कायद्यानेच बंद आहेत ना?

शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम म्हणतं: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका, एवढंच. पण या ‘निवडणुका’त बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांसाठीचं, वर्षभराचं घरोघर फिरणं बसतं. बाकीच्या कामांसाठी युक्ती सोपी आहे, त्यांना ‘शैक्षणिक’ म्हणायचं. 23 ऑगस्ट 2024 ला सरकारने शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती याची वर्गवारीच काढली. आम्हाला वाटलं ओझं उतरलं. यादी वाचल्यावर कळलं, काही ओझ्यांचं फक्त नाव बदललंय.

खिचडीच्या रोजच्या नोंदीचं उदाहरण घ्या. किती मुलं जेवली, तांदूळ किती, शिल्लक किती, आजच्या आज ॲपवर. त्यातच 2023 च्या डिसेंबरपासून हजेरीही स्विफ्टचॅट ॲपवरच्या बॉटला द्यायची टूम निघाली. हजेरीपट भरायचा तो भरायचाच. द्विशिक्षकी शाळेत एक जण बैठकीला, एक जण मोबाइलवर, आणि चार वर्ग मॉनिटरच्या हवाली.

पगार लाखाच्या घरात, मग कुरकुर कसली?

शेवटची काही वर्षं पगार चांगला होता, लपवत नाही. सुरुवात शिक्षणसेवक म्हणून करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना कितीतरी वर्षं महिना 6 हजार मिळत होते, 2023 पासून ते 16 हजार झाले, हेही त्याच दमात सांगावं. पगार शिकवण्याचा घेतला. शिकवू द्या, एवढीच कुरकुर आहे.

नापास करणं बंद केलं तिथेच वाट लागली, बरोबर?

अर्धवट बरोबर.

2010 पासून शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करायचं नाही असं ठरलं, पण त्याच कायद्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन होतं. म्हणजे परीक्षेची भीती काढायची आणि त्याजागी बाईंनी प्रत्येक मुलाकडे रोज बघायचं. पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला. दुसऱ्या भागाच्या वाट्याला वर्णनात्मक नोंदींच्या वह्या आल्या. ‘वर्गात सहकार्य करतो’, ‘चित्रे छान काढते’, ‘अक्षर सुधारण्यास वाव’. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळायची, त्यातून उतरवायच्या. 40 मुलांच्या, प्रत्येक विषयाच्या नोंदी मे महिन्यात दोन दिवसांत लिहिल्या की मूल्यमापन सातत्यपूर्ण.

2019 ला केंद्राने कायदा बदलला, राज्याने 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालं तर फेरपरीक्षा, तीही हुकली तर त्याच वर्गात. आता मला सांगा, ज्या शाळेत दोन वर्षं गणिताला शिक्षक नाही तिथलं आठवीतलं पोरगं गणितात बसलं तर नापास नक्की कोण झालं? भरती सरकारने करायची असते.

वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा चालवायच्या कशासाठी? खर्च परवडत नाही.

या प्रश्नावर मी चिडते, आधीच सांगते.

2017 च्या शेवटी दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून दुसऱ्या शाळांत मिसळायचं ठरलं. सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळा’ आल्या, म्हणजे अनेक लहान शाळांची मुलं एका ठिकाणी आणायची. अशा शाळा होत्या 14 हजार 700 च्या वर, त्यांत मुलं सुमारे 1 लाख 85 हजार. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचं उदाहरण दिलं गेलं. पानशेतला इमारत आणि मुलांना न्यायला बस होती. बाकीच्या चौदा हजार ठिकाणी बस कुठून येणार, हे आम्हाला विचारू नका, आम्ही विचारलं होतं.

कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. नकाशावर दोन वाड्यांतलं अंतर सव्वा किलोमीटर दिसतं. मध्ये ओढा असतो. जून ते सप्टेंबर त्या ओढ्याला पाणी असतं, आणि आठ वर्षांच्या मुलीला त्यातून एकटीला कुठली आई पाठवेल? मुलगा जाईल, मोठ्याच्या सायकलवर. मुलगी घरी राहील आणि पटावर ‘स्थलांतरित’ दिसेल. मी ज्या सतरा पोरांच्या शाळेत सहा वर्षं काढली, तिथे सगळी पोरं एकाच वऱ्हांड्यात बसायची, चौथीची पहिलीला शिकवायची. शिकवण्याच्या दृष्टीने ती माझी सगळ्यांत चांगली वर्षं होती. तक्त्यात त्या शाळेचा शेरा ‘अव्यवहार्य’.

यात कुठला पक्ष दोषी?

प्रत्येक जण येतो आणि आपली योजना, आपला लोगो, आपला तक्ता ठेवून जातो. 2023-24 मध्ये ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ आलं, राज्यात पहिल्या शाळेला 51 लाख. त्यात मुख्यमंत्र्यांचं पत्र हातात धरून मुलांचे सेल्फी अपलोड करायचे होते. ज्यांच्या घरी साधा फोन, त्यांचे सेल्फी कुणाच्या मोबाइलमधून निघाले ते ओळखा. पुढच्या वर्षी ‘एक राज्य एक गणवेश’. मापं वेगळी, कापड उशिरा, शिलाई उशिरा, शेवटी डिसेंबर 2024 ला निर्णय फिरवून गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे. एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदी, जूनच्या शेवटी तेही मागे. या प्रत्येक फेऱ्यात मधल्या काळात काय शिकवायचं, कुठलं पुस्तक धरायचं, हे ठरवत वर्गात उभं असतं ते कुणीतरी तिशीतलं पोरगं, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून नुकतंच लागलेलं.

आणि दिल्लीचंही सांगते. राज्यांच्या शालेय शिक्षणाचं गुणांकन करणारा केंद्राचा निर्देशांक आहे. 2020-21 ला महाराष्ट्राला 1000 पैकी 928, केरळ आणि पंजाबच्या बरोबरीने देशात सर्वांत वर. त्या वर्षी कोरोनामुळे आमचे पहिली ते चौथीचे वर्ग एक दिवसही भरले नव्हते.

हे आपल्याकडेच आहे की बाहेरही?

अमेरिकेने 2002 मध्ये कायदा केला की 2014 पर्यंत प्रत्येक मूल वाचन-गणितात ठरलेल्या पातळीला आलं पाहिजे, नाहीतर शाळेवर कारवाई. अटलांटा शहरात निकाल भराभर वाढले, वाहवा झाली. 2011 च्या चौकशीत निघालं की 178 शिक्षक आणि मुख्याध्यापकांचा उत्तरपत्रिकांच्या गैरप्रकारात हात होता. बसून मुलांची उत्तरं खोडून बरोबर केली होती. 2015 मध्ये 11 जण दोषी ठरले. त्याच वर्षाच्या शेवटी तो कायदाही बदलला.

पण सगळ्यांत जुनं उदाहरण आपल्या घरातलं आहे. इंग्लंडने 1862 ला शाळांचं अनुदान मुलांच्या परीक्षेतल्या निकालाला बांधलं, ती पद्धत मुंबई इलाख्यातही आली. 1882 ला शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी तिच्याबद्दल लिहून ठेवलंय. जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागायची आहे, तिथे निकालावर पैसे देण्याची पद्धत उपयोगाची नाही, तसल्या बेभरवशाच्या पैशावर कुणी मास्तर शाळा चालवायला धजणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. निकालावर अनुदान दिलं की शाळा सोप्या मुलांकडे धावतात, हे आजही तसंच चालतं. आमच्या केंद्रात शिष्यवृत्तीच्या तयारीला निवडलेल्या पाच पोरांना वेगळा तास, आणि उरलेल्यांना शुद्धलेखन.

इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत हे नसतं, मग तिथेच घालू का मुलाला?

तिथे वेगळे आकडे असतात, आणि त्यांची किंमत तुम्ही फीमध्ये मोजता. घालायचं तर घाला, पण तिसरीत गेल्यावर त्याला इंग्रजी पुस्तकातल्या उताऱ्याचा अर्थ मराठीत विचारा.

मग करायचं काय? नुसती टीका सोपी असते.

चार गोष्टी सांगते, चारही खर्चाच्या नाहीत असं म्हणणार नाही.

शिकवणाऱ्याने घेतलेल्या चाचणीचा आकडा शाळेबाहेर जाऊच नये. ती चाचणी बाईंना उद्या काय शिकवायचं हे कळावं म्हणून आहे. राज्याला अंदाज हवा तर नमुना घ्यावा, बाहेरच्या माणसांकडून, शाळेचं नाव न लावता.

केंद्रप्रमुखाने महिन्यातून एक अख्खा दिवस शाळेत बसावं, वर्गात, मागच्या सतरंजीवर. माझ्या पहिल्या शाळेवर असे एक जण यायचे. तपासायचे नाहीत, स्वतः एक तास शिकवून दाखवायचे. अपूर्णांकांचा भागाकार मला त्यांनी शिकवला, डी.एड.ने नाही. आताचे केंद्रप्रमुख दिवसभर शीट एकत्र करत असतात.

प्रत्येक केंद्राला माहिती भरायला एक माणूस द्या. यूडायस (शाळेची माहिती), शालार्थ (पगाराची), आधार, अपार, सगळं त्याच्याकडे. माझ्या अनुभवात शिकवण्याच्या वेळेत याने जेवढी भर पडेल तेवढी कुठल्याही प्रशिक्षणाने पडणार नाही.

आणि रिकाम्या जागा भरा. 1966 ला कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तेच 6 टक्के आहेत, अजून ‘करायचे आहेत’ या काळात. हे टार्गेट चुकलं म्हणून कुणाला कारणे दाखवा नोटीस गेल्याचं ऐकिवात नाही.

पालक म्हणून मी शाळेत जाऊन काय विचारू?

‘किती टक्के?’ हे विचारू नका, ते भिंतीवर लिहिलेलंच असतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यात निम्म्या बायका. सह्या घरी मागवल्या तर देऊ नका, बैठकीला जा. गेल्या महिन्यात बाई किती दिवस वर्गाबाहेर होत्या आणि कुठल्या कामाला, एवढं विचारा. बाई रागावणार नाहीत. बहुतेक त्या वाटच बघत असतील. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा, आवक क्रमांक घेऊन. शिक्षकाचं तोंड बांधलेलं असतं, समितीचं नाही.

घरी मुलाला वाचायला लावायचं असेल तर पाठ्यपुस्तक देऊ नका, तो धडा पाठ असण्याची शक्यता आहे. खताच्या गोणीवरची सूचना द्या, लग्नपत्रिका द्या, एसटीच्या स्टँडवरचा फलक दाखवा. अडखळू द्या. घड्याळ लावू नका. वाचून झाल्यावर विचारा, ‘काय म्हणतोय हा?’